स्वल्प

पॅनेल पहिल्यांदा उचललं तेव्हा हसू आलं.
दाराएवढं, आणि वजन वाळल्या साडीएवढं.
वर कातडी, खाली कातडी,
मध्ये कागदाचं पोळं, सहाकोनी घरांचं,
एकही माशी नसलेलं.
विमानात चहाची भांडी ठेवायच्या कपाटाची ही भिंत,
असं पोतनीस साहेब म्हणाले.
मी विमान बघितलंय ते सांबऱ्याचं,
शेतातनं, पोटाकडनं.

अशा भिंतीत स्क्रू मारता येत नाही.
मारला तर आत धरायला काही नाही.
कातडी दबते, पोळं चुरतं,
पापड मोडल्यागत आवाज होतो.

म्हणून इन्सर्ट.
करंगळीच्या पेराएवढं, दोन तुकड्यांचं.
एक वरनं उतरतं, एक खालनं चढतं,
आट्यांत आटे शिरतात
आणि पॅनेल जेवढं जाड, तेवढ्यावर थांबतात.
जाडी कधी सांगितल्यासारखी येत नाही.
कागदावर एकोणीस.
हातात अठरा पॉइंट आठ, एकोणीस पॉइंट तीन,
पावसाळ्यात देवालाच ठाऊक.

मच्छेच्या शेडमध्ये मला शिकवायला ईरण्णा हुलमनी,
सुळेभावीचा, बावीस वर्षं फाउंड्रीत काढलेला.
त्याला मराठी येतं, खरं काम करताना येत नाही.
मला कन्नड येतं, खरं बाजारापुरतं:
एष्टु, साकु, बेड.

मी पान्यावर, तो माझ्या खांद्यामागं.
"बिगि," तो म्हणाला.
आमच्या येळ्ळुरात बिगी म्हणजे लवकर.
आई चुलीपुढनं हाक मारायची, बिगी बिगी ये गं.
मी बिगी बिगी फिरवलं.
"बिगि! बिगि!"
मी आणखी जोरात.

पापड.

त्याच्याकडं बिगि म्हणजे घट्ट.
घट्ट झालं, थांब,
असं तो मला तीनदा सांगून बसला होता.

कातडीवर नाण्याएवढा खड्डा.
मी मनात पॅनेलला पगारानं भागत राहिले.
ईरण्णानं रिजेक्टची वही ओढली,
कारणाच्या रकान्यात कन्नडात काहीतरी लिहिलं
आणि टोपण लावलं.
दुसऱ्या दिवशी साहेबांनी वाचलं: पाना झिजलाय.
पाना सोमवारीच आला होता,
त्याचं प्लास्टिक अजून माझ्या खणात होतं.
साहेब पान्याकडं बघत राहिले, मग फोन आला त्यांना.

त्या आठवड्यात गावात पाट्यांवरनं बंद होता.
कुणाच्या पाटीला कुणी काळं फासलं,
डबा खाताना दोघांनीही काढलं नाही.
त्याच्याकडं कडक भाकरी, माझ्याकडं भात.
शेंगदाण्याची चटणी त्याची जास्त तिखट.

मग परत पॅनेल, परत भोक.
फिरव. अजून. आता पाना ठेव, बोटानं.
"स्वल्प."
हा शब्द मला शाळेपासनं ठाऊक.
आमच्याकडं तो एकटा कुठं जात नाही,
विरामाचा हात धरूनच येतो.
मी तेवढंच फिरवलं,
वाक्यात श्वास घ्यावा तेवढं.
वरनं नख ओढलं. कुठं अडकलं नाही.

नंतर डिंक.
एका बारक्या भोकातनं पिचकारी, सावकाश.
आत कुठली घरं भरतात, दिसत नाही.
शेजारच्या भोकातनं
मधाच्या रंगाचा थेंब डोकावला की थांबायचं.
रात्रभर हात लावायचा नाही.
मी सकाळी लवकर जाऊन लावला.
धरलं होतं.

ते खड्ड्याचं पॅनेल आता कँटीनचं टेबल झालंय,
विटांच्या चार थप्प्यांवर.
पंखा जोरात लावला की सरकतं.
चहा सांडला की आधी त्या खड्ड्यात जमतो.
ईरण्णा तो बोटानं पुसतो,
आणि उठता उठता मला म्हणतो, बिगि, बिगि.
कुठल्या भाषेत,
ते घंटेवरनं ओळखायचं.